कोर्ट उठेपर्यंत

आम्ही तेव्हा कोपरखैरण्याला माथाडी कामगारांच्या वसाहतीत राहायचो. खाली एक खोली, वर एक, आणि मागे मोरीला लागून आईने पत्रा टाकून केलेलं स्वयंपाकघर. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. ट्रक पहाटे लागायचे. आबा चारला उठून जायचे आणि दुपारी दोनच्या सुमारास परत यायचे, ते थेट मोरीत. अंगावर पाणी घेतलं की शर्टाच्या कॉलरमधून, कानामागून कांद्याची पातळ टरफलं निघायची आणि मोरीच्या जाळीवर साठायची. मग जेवण, आणि मग झोप. दोन ते सहा आमचं घर मुकं असायचं. आई त्या वेळेत कुकर लावायची नाही, आणि लावावाच लागला तर कुकरला खेटून उभी राहायची, फुसफुस सुरू झाली की गॅस बंद. शेजाऱ्यांचा टीव्हीसुद्धा बंद असायचा, कारण त्यांच्याही घरात कुणीतरी झोपलेलं असायचं. सगळी गल्ली साताऱ्याकडची, सगळी गल्ली ओझी उचलणारी, आणि सगळी गल्ली दुपारी झोपलेली. मी लहानपणी पायऱ्या चढायला शिकलो तो टाचा न टेकवता. अजूनही मी घरात तसाच चालतो. बायको दचकते.

आईचा दिवस भाकरीच्या आवाजाने सुरू व्हायचा. साडेतीनला परातीवर थापण्याचा आवाज, मग तव्यावर पाणी फिरवल्याचा चर्र आवाज. दोन भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, कधी घेवड्याची सुकी भाजी, हे सगळं फडक्यात बांधून ती आबांच्या हातात द्यायची. त्या वेळी बस नसायची. आबा चालत जायचे. गुडघा दुखायला लागल्यावर त्यांनी एकाची जुनी मोटरसायकल घेतली, पण चालवायला काही ते शिकले नाहीत. "पोतं पाठीवर घ्यायला मला भ्या वाटत न्हाय," ते म्हणायचे, "पर ही सैतानीण मला नगं." मग त्यांना मार्केटच्या गेटवर सोडायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. आबा मागे बसले की मी इतका हळू चालवायचो की कुत्रीसुद्धा मागे लागायची नाहीत. ते दोन्ही हातांनी मागचा लोखंडी दांडा धरून बसायचे, आणि उतरल्यावर गाडीच्या टाकीवर हात ठेवून म्हणायचे, "सरळ घरला जा."

मी सरळ घरी गेलो असं फार थोड्या वेळा झालं. गेटपासून वाशीच्या बाजूने पामबीच रस्त्यावर निघायला दहा मिनिटं लागायची. तिथे हरेश यायचा. हरेश करावे गावचा, आगरी, माझ्या वर्गातला. त्याच्या आजोबांची मिठागरं जिथे होती तिथून आता हा रस्ता गेला होता, आणि तो म्हणायचा, "आमच्या बापाचा रस्ता हाय, आमी पायजे तसे चालवू." गाडी एकच होती, माझी. आम्ही आळीपाळीने चालवायचो. उजेड व्हायच्या आधीचा तो रुंद, सरळ, रिकामा रस्ता, एका बाजूला तिवरांची झाडी, खाडीचा खारट कुजका वास, आणि शंभरच्या पुढे गेलं की हँडलमधून दंडात चढणारी थरथर. मी टाकीवर झोपून चालवायचो, हात सोडून चालवायचो, सिग्नल तोडायचो, दोन ट्रकच्या मधून काढायचो. का, हे मला आता नीट सांगता येत नाही. भीती वाटत नव्हती असं नाही. पण घरात चोवीस तास पावलं दाबून चालल्यावर कुठेतरी मोठा आवाज करावासा वाटायचा, एवढं आठवतं. बाकी जे लोक तारुण्यातल्या वेगाबद्दल छान छान लिहितात, त्यांचं मला कौतुक वाटतं. मला तो रस्ता आठवला की थकवा येतो.

शिंगटे हवालदार त्याच रस्त्यावर, नेरूळकडे वळायच्या सिग्नलला उजाडल्यावर असायचे. उंच, किडकिडीत, पांढऱ्या शर्टावर पाठीला घामाचं मीठ फुटलेलं. त्यांच्या गळ्यात शिट्टी असायची पण ती ते क्वचित वाजवायचे. नुसता हात वर करायचे आणि दोन पावलं पुढे यायचे. पहिल्यांदा पकडलं तेव्हा त्यांनी आधी गाडीची किल्ली काढून खिशात टाकली, आणि मग विचारलं, "लायसन?"

"घरी राहिलं."

"घरी कुठं?"

"कोपरखैरणे."

"त्ये न्हवं. गाव कुठलं?"

मी गाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांचं गाव आमच्या गावापासून दोन कोसांवर निघालं. आपल्याकडचा माणूस आहे, सोडेल, असं मला वाटलं. त्यांनी उलट केलं. आबांचं नाव-काम विचारून घेतलं, बूथवरच्या फोनवरून मार्केटात निरोप पाठवला आणि मला फुटपाथवर बसवून ठेवलं. तासाभराने आबा आले, एका टेम्पोत पुढे बसून, कामाच्या कपड्यांत, डोक्याला पोत्याचा टॉवेल गुंडाळलेला तसाच. उतरले आणि शिंगट्यांसमोर उभे राहून त्यांनी हात जोडले.

"अहो, हात काय जोडताय," शिंगटे ओशाळून म्हणाले. "मी तुमच्यापरास ल्हान हाय. पोराला जरा आवरा. रोज एक तरी पोरगं मी या रस्त्यावरनं उचलतोय."

मग ते दोघं बाजूला उभे राहून गावाकडचं बोलत राहिले. कुणाची विहीर आटली, कोण गेलं, कुणाची मुलगी कुठे दिली. मी फुटपाथवर. आबांनी घरी आल्यावर मारलं नाही. जेवताना एवढंच म्हणाले, "आजपातूर मार्केटात शेठफुडं बी हात जोडलं न्हवतं." आईने भाकरीचा तुकडा मोडला तो हातातच राहिला.

याची लाज वाटायला हवी होती. मला राग आला, आणि तो शिंगट्यांचा. त्या दिवसानंतर मी नंबरप्लेट वरच्या बाजूला दुमडून टाकली आणि तोंडाला रुमाल बांधायला लागलो. हेल्मेट तेव्हा कुणी घालत नसे. त्यांचा हात वर झाला की मी गाडी जोरात मारायचो आणि ते हात वर केलेले तसेच मागे राहायचे. असं चार-पाच वेळा झालं. हरेश हसायचा, मीही हसायचो. आता त्या सिग्नलवर कॅमेरे आहेत, चलन मोबाइलवर येतं, कुणाला कुणाच्या समोर यावं लागत नाही. बरं आहे ते.

त्या दिवशी सकाळचे साडेसात वाजले असतील. चांगलं ऊन होतं. मी चालवत होतो, हरेश मागे. शिंगट्यांनी आम्हाला लांबूनच पाहिलं असावं, कारण ते आज दोन पावलांवर थांबले नाहीत, लेनच्या मधोमध आले. हात वर. मी वेग कमी केला नाही, डावीकडून काढायला गेलो. ते त्याच बाजूला सरकले आणि त्यांनी मागचा लोखंडी दांडा धरला. मला वाटतं त्यांना आम्हाला थांबवायचं होतं आणि हात आपोआप गेला. गाडी एकदम जड झाली, पाठीमागे ओढल्यासारखी, आणि मी काय केलं, तर मूठ आणखी पिळली. तो जडपणा बराच वेळ टिकला. मग सुटला.

"थांब," हरेश कानात ओरडला. "पक्या, थांब. मानूस परला रं!"

मी थांबलो नाही. पुढच्या वळणावर वेग कमी झाला तेव्हा हरेशने चालत्या गाडीवरून उडी मारली, धडपडला, आणि मागे वळून पळत सुटला. आरशात मी त्याला लहान होत जाताना पाहिलं. त्याने शिंगट्यांना उचललं, रिक्षात घातलं आणि इस्पितळाच्या दारापर्यंत पोहोचवलं, हे दुसऱ्या दिवशी त्यानेच मला सांगितलं. तो माझ्याशी त्यानंतर कधी बोलला नाही. पोलिसांकडेही गेला नाही. वर्गात माझ्या मागच्या बाकावर बसायचा, मी वळलो की पुस्तकात बघायचा. मी त्याला दोष देत नाही.

घरी आलो, गाडी मागच्या बाजूला लावली, नंबरप्लेट सरळ केली. आईने विचारलं, "आरं, चेहरा असा का?" मी म्हटलं, ऊन लागलं. दुपारी आबा आले, जेवले, झोपले. मी वरच्या खोलीत बसून त्यांचं घोरणं ऐकत होतो. तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी आबा अंघोळ करून बाहेर आले आणि धोतराचा काष्टा घालत म्हणाले, "त्यो आपला शिंगटे हवालदार. कुणी भाडखाऊनं गाडीमागं फरफटवलाय म्हनं. मांडी मोडली, खुबा मोडला. मार्केटात सगळ्यांस्नी कळलंय. चल, बघून येऊ. आपल्या भागातला मानूस हाय."

आबांनी वाटेत केळी घेतली. त्याच गाडीवर मागे बसून, तोच दांडा दोन्ही हातांनी धरून ते वाशीच्या इस्पितळात आले. मी तीसच्या पुढे गेलो नाही.

वॉर्डात शिंगटे उताणे पडले होते. पाय वर टांगलेला, त्याला वजनं लावलेली. दाढी वाढली होती. गणवेशाशिवाय ते अगदी आमच्या गल्लीतल्या कुणासारखे दिसत होते. शेजारी स्टुलावर त्यांची बायको बसली होती, पदराने वारा घालत. आबांनी केळी ठेवली, खाटेच्या कडेला हात टेकला आणि विचारलं, "कोन हुता, दिसला का?"

"रुमाल हुता तोंडाला," शिंगटे म्हणाले. "नंबर बी न्हवता. सापडंल न सापडंल."

"सापडला पायजे," आबा म्हणाले. "हात तोडाय पायजे असल्याचं."

मी म्हणालो, "मी होतो."

हे मी धैर्याने म्हणालो असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे आबांचं पुढचं वाक्य मला ऐकायचं नव्हतं. आबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी दुसऱ्या कुठल्या भाषेत बोललो. शिंगट्यांनी पाय न हलवता मान माझ्याकडे वळवली. मग त्यांनी विचारलं, "माजा हात दिसला न्हवता का रं तुला?"

"दिसला होता."

त्यांनी मान हलवली. एवढंच हवं होतं त्यांना. बोलल्या त्या स्टुलावरच्या काकू, त्यांची बायको. उठल्या नाहीत, आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "आता तुला हलकं वाटलं असंल. झोप लागंल तुला आज. आमी काय करायचं ह्याचं? इतके दिवस ज्याला शिव्या देत होतो त्यो कुनीतरी हुता. आता त्यो तू. आमच्या भागातला." मग त्यांनी केळ्यांची फणी उचलून आबांच्या हातात परत दिली.

आबा मला तिथून सरळ पोलीस ठाण्यात घेऊन गेले. पायी. गाडी इस्पितळाच्या आवारातच राहिली आणि पुढे ती पोलिसांनी नेली. ठाण्यात त्यांनीच सांगितलं, "ह्यो माजा पोरगा. शिंगटेसायबांना ह्यानंच पाडलं. लिवून घ्या." दुसऱ्या दिवशी जामीन झाला. गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. मी चुकलो, मी कबूल केलं, असं मला सांगता आलं असतं.

पण मग वकील आला. आईच्या माहेरकडच्या कुणीतरी सांगितलेला, बेलापूरच्या कोर्टात बसणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पोलिसांसमोर जे बोललास ते कोर्टात चालत नाही. रुमाल होता, नंबर नव्हता, मागे बसलेला पोरगा पुढे आलेला नाही, दुसरा साक्षीदार नाही. तू फक्त 'गुन्हा कबूल नाही' म्हणायचं. एकदा शिक्षा लागली की सरकारी नोकरी विसर." बोलली आई. "त्येनं पुस्तकं वाचली ती काय पाठीवर पोतं घ्यायला? एका चुकीपायी जन्म घालवायचा का पोराचा?" आबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाहेर जाऊन तंबाखू मळत बसले. पहिल्या तारखेला मला विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" मी म्हणालो, "नाही." शिंगटे कुबड्या घेऊन दाराशी उभे होते. त्यांनी ऐकलं.

त्यानंतर सहा वर्षं. लोक म्हणतात मी कॉलेजात मोठा झालो, नोकरीत मोठा झालो. मी बेलापूरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात मोठा झालो. दर दीड-दोन महिन्यांनी तारीख. सकाळी जायचं, पुकारा व्हायची वाट बघायची, दुपारी कळायचं की सरकारी वकील आले नाहीत, किंवा साहेब रजेवर आहेत, किंवा कागद आला नाही. पुढची तारीख. तीन न्यायाधीश बदलले. माझं ग्रॅज्युएशन झालं, मी तुर्भ्याच्या एका गोदामात तात्पुरता लागलो, नोकरीच्या प्रत्येक अर्जावर 'आपल्यावर फौजदारी खटला प्रलंबित आहे काय' या रकान्याशी अडकलो. आबा प्रत्येक तारखेला यायचे. पहाटेपासून ट्रक उतरवून, मुकादमाला सांगून अकराला निघायचे, डोळे लाल, आणि बाकावर बसायचे. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला शिंगटे. त्यांचा एक पाय दोन बोटं आखूड झाला होता. रस्त्यावरची ड्युटी गेली, आता ते कुठल्याशा ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर होते. पहिलं वर्ष ते आणि आबा एकमेकांशी बोलले नाहीत. दुसऱ्या वर्षी कधीतरी आबांनी चहा आणला, दोन ग्लास. त्यानंतर बाकाची टोकं जवळ आली. ते गावचं बोलायचे. मी त्यांच्यापासून लांब, खांबाला टेकून उभा. मला कुणी बस म्हणालं नाही आणि मीही बसलो नाही.

सहाव्या वर्षी शिंगट्यांची साक्ष झाली. त्यांनी साधं, सरळ सांगितलं. मग माझा वकील उठला. तो हुशार होता. रस्त्याच्या मधोमध उभं राहायचा तुम्हाला कुणी आदेश दिला होता? चालत्या वाहनाला हात घालणं नियमात बसतं का? चेहरा झाकलेला होता ना? मग ओळखलंत कसं?

"त्येनं वॉर्डात येऊन स्वतः सांगितलं," शिंगटे म्हणाले.

"लेखी आहे? नाही. तिथे आणखी कोण होतं? तुमची पत्नी. आणि आरोपीचे वडील." वकील हसला. "म्हणजे तुमच्या बायकोशिवाय कुणी नाही. मी असं म्हणतो की स्वतःच्या चुकीने झालेला अपघात तुम्ही या मुलाच्या गळ्यात घातलात, कारण जुना राग होता. खरं आहे?"

शिंगट्यांनी पिंजऱ्याच्या लाकडावर हात ठेवला. ते वकिलाकडे बघत नव्हते. मागे बसलेल्या आबांकडे बघत होते. "खोटं हाय," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर आबा जिन्याच्या पायरीवर बसले. मी पाणी दिलं, त्यांनी घेतलं नाही. म्हणाले, "सहा वर्सं आलो. फुडल्या तारखेला मी येनार न्हाय."

"का?"

"खोटं ऐकाया रजा काढत न्हाय मी."

पुढच्या तारखेला मी एकटा गेलो. वकिलाला आधी सांगितलं नाही. पुकारा झाल्यावर उभा राहिलो आणि म्हणालो, "मला कबूल आहे. मी त्यांना पाहिलं होतं, हात पाहिला होता, त्यांनी गाडी धरल्याचं मला कळलं होतं. मी थांबलो नाही." वकिलाने माझी बाही ओढली. न्यायाधीश मॅडम नव्या होत्या, त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, कुणी दबाव आणला का, परिणाम माहीत आहेत का. मी सगळ्याला माहीत आहे म्हणालो. त्यांनी अर्ज लिहून द्यायला लावला. मग वय, इतकी वर्षं मारलेल्या खेपा, पूर्वीचा गुन्हा नसणं, असं काहीबाही त्यांनी टंकलेखकाला सांगितलं आणि शिक्षा दिली. दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहायचं.

मला आधी कळलंच नाही. शिपायाने दारामागच्या बाकाकडे बोट दाखवलं. "तिकडे बसा. मॅडम उठेपर्यंत हलायचं नाही." बारा वाजायचे होते. मी बसलो. माझ्यासमोरून दिवसभर माणसं गेली. चेक न वटलेला एक व्यापारी, नवऱ्याने टाकलेली एक बाई, गटारावरून भांडलेले दोन शेजारी. लायसन नसलेली दोन पोरं आली, एकमेकांना कोपर मारत हसत होती. कुणाचं माझ्याकडे लक्ष गेलं नाही. सरकारी नोकरी त्या सकाळी गेली ती गेलीच. मी त्याच गोदामात कायम झालो, तिथेच केस पिकले. पण त्या बाकावर बसून मला त्याचं काही वाटलं नाही. सहा वर्षांत पहिल्यांदाच मी त्या इमारतीत बसलो होतो आणि पाय दुखत नव्हते.

साडेपाचला मॅडम उठल्या. सगळे उभे राहिले, मीही राहिलो. शिपाई म्हणाला, "जा आता."

बाहेर व्हरांडा रिकामा झाला होता. आमच्या बाकावर शिंगटे बसले होते आणि त्यांच्या शेजारी आबा. कधी आले, कुणाकडून कळलं, मी कधी विचारलं नाही. अंगावर कामाचेच कपडे होते, आणि ते गाढ झोपले होते, तोंड उघडं, मान शिंगट्यांच्या खांद्यावर. शिंगटे अगदी ताठ बसून होते. मला बघून त्यांनी हात वर केला, तळवा माझ्याकडे.

"थांब," ते हळूच म्हणाले. "आत्ताच डोळा लागलाय."

मी थांबलो.